इटलीची होडी आणि वाळूची पोती

याकूब,

तुला लहानपणापासून मी मेल्या म्हणत आले. मेल्या, ऊठ. मेल्या, आधी हात धू, ते ग्रीस लागलंय बघ सगळं. आपल्याकडे कुठली थोरली बहीण धाकट्या भावाला याहून वेगळी हाक मारते? परवा दुपारी भात झाला, मी स्टोपाशी बसल्या बसल्या सवयीने हाक मारायला गेले आणि तो शब्द अर्धा तोंडात राहिला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी मी तोंडावर पदर धरला. आता तुला काय म्हणून हाक मारायची, तेवढं तरी सांगून जायचं होतंस.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. शारजात आपल्या रत्नागिरीकडची जी चार घरं आहेत, ती सगळी येऊन गेली. बायका येतात, माझा हात धरतात, अल्लाची मर्जी म्हणतात, मग हळूच विचारतात की झालं तरी कसं. मी सांगते. अजमानच्या बाजूच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाळू कडक झाली होती तेव्हा, भर दुपारी, चार लोकांसमोर त्याची ती इटलीची शर्यतीची गाडी उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. तुझे भावजी, म्हणजे आमचे हे, तिथेच उभे होते. एवढं सांगून मी चहा ठेवायला उठते. पोत्यांचं मी कोणालाच सांगत नाही. ते फक्त तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तू तर उत्तर द्यायचं टाळून बसलास.

तुझी कबर मी पाहिलेली नाही. बायकांनी जायचं नसतं. भावजींनी मला हातवारे करून सांगितलं, असं फाटक, असं आत गेलं की उजव्या अंगाला, डोक्याशी दोन दगड. मी म्हटलं, सावली? ते म्हणाले, हलिमा, या मुलखात सावली कुठे असते? आपल्या कबरस्तानात फणस आहेत, काजू आहेत. तुला तिकडचं काही मिळालं नाही. माझ्या भावाला उन्हात ठेवलंय आणि मी इथे पंख्याखाली बसून जेवते, हे मला जमत नाही रे.

आणि अम्माला काय सांगू?

तार गेली. तारेत काय मावतं, अपघात आणि इन्तेकाल. बाकीचं सांगायला बोटीवरचे कासमभाई गेले. मुंबईहून इकडे येणाऱ्या आगबोटीवर ते खलाशांचे सारंग आहेत, आपल्याच खाडीचे, तुला माहीतच आहेत. जाताना मी त्यांना म्हटलं, अम्माला एवढंच सांगा की त्याला त्रास झाला नाही. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. भावजींना विचारायची हिंमत नाही.

त्या गाडीचा राग राग करावा म्हणते, पण नीट रागही येत नाही. काय होती सांग ती! तुझ्या कंपनीचा तो गोरा साहेब एडनहून बदली होऊन आला तेव्हा तिला बरोबर घेऊन आला. बोट लांब समुद्रात उभी, तिथून पडावात, सामानाच्या होडीत, उतरवली, पडावातून किनाऱ्यावर. आणि मग साहेबाला कळलं की इथे रस्ताच नाही. वाळू आणि वाळू. तिचं पोट जमिनीपासून वीतभर वर. दहा पावलं गेली की रुतून बसायची. साहेबाने तिच्यावर ताडपत्री टाकली आणि लँडरोव्हर घेतली. ती लँडरोव्हर तू सांभाळायचास. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा तुला म्हणाला, घेऊन जा ती, दुसरं कोण घेणार? आणि तू, शहाणा माझा, घेऊन आलास!

गल्लीत वाळू, म्हणून चौघांनी ती उचलूनच आणलीत. चौघांनी! गाडी! दारात मी बघतच राहिले. वर छप्पर नाही, बाजूला दार नाही, समोर काच म्हणायची तर ताटाएवढी, तीही चालवणाऱ्याच्या नाकासमोर तेवढी. शेजारची खदिजा म्हणाली, हलिमाबी, ही गाडी आहे की न्हाणीतलं घंगाळ? मी इतकी हसले की तू रुसलास. दोन दिवस नीट जेवला नाहीस. मग मीच बांगड्याचं सुकं करून तुझ्यापुढे ठेवलं, तेव्हा कुठे आमच्या या साहेबांचं तोंड उघडलं.

तोंड उघडलं ते मग मिटलंच नाही. रोज संध्याकाळी गॅरेजातून आलास की अंगणात तिच्यापाशी. रॉकेल आणि घासकागद घेऊन रंग खरवडत बसायचास. पांढऱ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली लाल. त्या लालावर, नाकाशी, एक मोठा आकडा, पुसट, अर्धा सात आणि एक गोल. तू मला हाका मारून बोलावलंस. आपा गो, ये, बघ, हा हिचा शर्यतीतला नंबर! पांढरा साहेबाचा, निळा त्याच्या आधीच्या एडनवाल्याचा, आणि लाल म्हणजे इटलीतला. मागच्या बाजूला पत्र्याला ठिगळ होतं, बारीक रिबिटी मारलेलं. त्यावरून तू ठरवलंस की एखाद्या डोंगरावर शर्यतीत ही दगडाला घासली आणि तरीही पहिली आली.

मी म्हटलं, पहिली आलेली गाडी कोणी एडनला नेऊन विकतं का?

तू म्हणालास, तुला काय कळतंय.

मी म्हटलं, मला एवढं कळतंय की चांगलं जनावर कोणी बाजाराला काढत नाही.

तो वाद आपला तसाच राहिला. ती कधी जिंकली की नाही, मला आजही माहीत नाही. जिंकली असेल. तुझ्यासाठी मी आता म्हणायला तयार आहे, जिंकली असेल.

माझं पोर गेलं तेव्हाची गोष्ट. आठवा महिना होता. इथल्या सुइणीने पाहिलं, इस्पितळात नेलं, आणि मी रिकामी घरी आले. मग मी कोपऱ्यातली चटई सोडलीच नाही. लोक समजवायचे, मी भिंतीकडे तोंड करायचे. एक दिवस तू दुपारचा आलास आणि म्हणालास, चल. मी म्हटलं, कुठे? म्हणालास, ओहोटी आहे, यल्ला, चल. भावजींनीही मान हलवली. मी बुरखा चढवला आणि तुझ्याबरोबर कंपनीच्या ट्रकात बसले. मागे ती गाडी दोरांनी बांधलेली. किनाऱ्यावर तुम्ही ती उतरवलीत, आणि तू मला त्या दुसऱ्या खाचेत बसवलंस, जिथे गादी म्हणून मीच शिवलेलं कापड होतं आणि खाली नुसता पत्रा.

याकूब, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. गाडी सुटली आणि माझा बुरखा मागे उडाला, डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याचं की कशाचं कोण जाणे, आणि मी ओरडायला लागले. आधी भीतीने, मग कशानेच नाही, नुसती ओरडत होते. इतक्या मोठ्याने मी पोर गेलं तेव्हाही रडले नव्हते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, समोरच बघत होतास. ती गाडी वाळूला टेकतच नव्हती असं वाटत होतं. हलकं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. परत आल्यावर मी स्टो पेटवला आणि स्वयंपाक केला. तू माझ्यासाठी काय केलंस ते मी तुला बोलले नाही. बहीण भावाला असं काही बोलते का? नाही बोलले. आता बोलते तर ऐकायला कोण आहे.

तेव्हा त्या गाडीत पोतं नव्हतं. एकही नाही. हे लक्षात ठेव.

मग तो पिएत्रो आला. वाळवंटात तेल शोधणाऱ्यांच्या कॅम्पावरचा इटालियन मिस्त्री, पोट सुटलेला, हसरा. तुझ्या गॅरेजात काही पार्ट न्यायला आला आणि तू त्याला थेट घरी घेऊन आलास. अंगणात आला, गाडी पाहिली आणि त्या माणसाने गुडघे टेकून तिच्या नाकाचा मुका घेतला. मी आतून बघत होते, मला वाटलं उन्हाने डोकं फिरलंय. मग तो बोलायला बसला. त्याचं मोडकं इंग्रजी, मधे हिंदी, तू मला आत येऊन आपल्या बोलीत सांगायचास, परत बाहेर पळायचास. माशाचं कालवण त्याने तीनदा घेतलं.

त्याने सांगितलं ते सगळं मला पाठ आहे. अशा गाड्या मोठ्या कारखान्यात होत नव्हत्या. उत्तर इटलीतल्या गावांत छोट्या छोट्या शेडी, त्यांत पाचसहा माणसं. इंजिन घ्यायचे साध्या घरगुती गाडीचं, कारकून लोक बायकोपोरांना घेऊन फिरतात त्या गाडीचं, आणि ते असं काही जुळवायचे की ते किंचाळायला लागायचं. बारीक नळ्यांचा सांगाडा. वरती अल्युमिनियमचा पत्रा, हातोडीने हाताने ठोकलेला. आणि मग वजन काढायचे. जिथून निघेल तिथून. पायाखालच्या ब्रेकच्या पट्टीला भोकं. दाराच्या जागी नुसती खाच. एकेका मुठीएवढ्या वजनासाठी रात्रंदिवस डोकं चालवायचे. तेव्हा शर्यती चालत्या रस्त्यांवर व्हायच्या, या गावातून त्या गावात, डोंगर चढून, बायका खिडक्यांत उभ्या. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या पुढे जायच्या, आणि वळणं आली की या छोट्या त्यांना गाठायच्या. पुढे माणसं मेली, बघायला उभी राहिलेलीही मेली, म्हणून सरकारने त्या शर्यती बंद केल्या. मग या गाड्यांचं करायचं काय? कोणी समुद्रापलीकडे अस्मराला नेल्या, तिथे इटलीचे लोक होते. तिथून एडन जवळच. पिएत्रो म्हणाला, ही नक्की तशीच आली असणार. तुझा चेहरा काय फुलला होता! जसं काही तुझंच घराणं सापडलं.

तेवढ्यावर उठला असता तो तर बरं झालं असतं. उठता उठता त्याने गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि एक शब्द बोलला. बार्केता. तू विचारलंस, म्हणजे? तो म्हणाला, अशा उघड्या गाडीला आम्ही असंच म्हणतो. बार्केता म्हणजे छोटी होडी.

तू आत धावत आलास. आपा गो, ही होडी आहे! त्यांच्याकडे हिला होडीच म्हणतात!

मी तुझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की तुझ्या डोक्यात आता काय येणार.

आपले बाबा कसे गेले हे मी तुला सांगायला नको, पण सांगते. मचव्यातून कौलं पोचवून ते परत निघाले होते. माल उतरला की परतीला तळाशी दगड भरून निघायचं, ही रीत. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, दगड भरण्यात वेळ जाईल म्हणून ते तसेच निघाले. रिकामा मचवा वाऱ्याने एका कुशीवर केला तो परत सरळ झालाच नाही. तू तेव्हा रांगत होतास. अम्मा तेव्हापासून दुसरं काही बोललीच नाही. कोणी विचारलं की, मचवा रिकामा होता. कोणी नाही विचारलं तरी तेच. तुझ्या दुधात तिने ते कालवलं. शाळेला जाताना तुझ्या दप्तरात ती एक जास्तीचं पुस्तक टाकायची, रिकामा जाऊ नकोस म्हणायची. आपण हसायचो. पण तू पुस्तक काढून ठेवलं नाहीस कधी.

म्हणून दुसऱ्याच दिवशी माझी तांदळाची रिकामी पोती गेली. मी शोधते आहे तर बाहेर तू त्यात वाळू भरतोयस.

काय बोलले नाही मी तुला त्या दिवशी! म्हटलं, अरे गाढवा, त्या माणसांनी भोकं पाडून पाडून वजन काढलं आणि तू पोती भरतोस? तू म्हणालास, त्यांचे रस्ते डांबराचे होते, वारा अंगावर घेणारा हा किनारा नव्हता. वेगाला गेली की मागून वळवळते गो, हाताला लागत नाही, रिकाम्या होडीसारखी करते. मी म्हटलं, नाव होडी म्हणून होडी होते का? समोरच्या बकऱ्याचं नाव सुलतान आहे, म्हणून त्याला सलाम करतोस का? तू हसलास. मग म्हणालास, पिएत्रोनेच सांगितलं, यांचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकतात. म्हणजे वाळूचं पोतं हिच्या जन्मापासून हिच्याबरोबर आहे. आता या अकलेला काय म्हणायचं? पिएत्रोसुद्धा हात जोडून सांगत होता, वजन नको, वजन नको, आणि तू त्याला बाबांच्या मचव्याची गोष्ट सांगत बसलास.

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, आपण दोघं गेलो तेव्हा कुठे होतं तुझं पोतं? तेव्हा नाही काही झालं ते?

तू काथ्याची गाठ आवळत होतास. वर न बघता म्हणालास, तू होतीस ना, आपा. भाराला तूच होतीस.

मी आत निघून आले. आपलं नीटसं बोलणं म्हणायचं तर ते शेवटचं. नंतर सकाळी चहा दिला, तू ओतून घेतलास, भावजींबरोबर निघालास. मी स्टोकडेच बघत होते.

भावजी सांगतात, सरळ जाताना सुरेख गेली. वळवळली नाही. तू हात वर करून त्यांना दाखवलंस, बघा म्हणून. मग पुढे जाऊन तू वळवलीस. होडीच्या तळाला फासळ्या असतात, दगड त्यांच्यात अडकून बसतात. इथे खाली गुळगुळीत पत्रा. काथ्या तुटला नाही, ज्या पट्टीला बांधला होता तीच पत्र्यासकट उपटून आली. सगळी पोती एका बाजूला गेली आणि त्यांच्याबरोबर गाडी.

मी बरोबर होते, याकूब. मला आणि त्या पोट सुटलेल्या पिएत्रोला कळलं होतं. काय डोंबल करू मी त्या बरोबरपणाचं? कुठे नेऊन ठेवू? घरात बसले की तोच घेऊन बसते. मी चुकले असते आणि तू घरी येऊन मला चिडवलं असतंस तर मी जन्मभर तुझं ऐकून घेतलं असतं.

पिएत्रो येऊन गेला. अंगणात चेपलेला सांगाडा पडला आहे, त्याच्यापाशी बसून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, मी तो शब्द सांगायला नको होता, सिस्टर, मला माफ कर. मी त्याला चहा दिला. माफ केलं असं म्हणता आलं नाही. त्याची चूक नाही हे मला कळतं, तरी म्हणता आलं नाही. तो कप तसाच ठेवून गेला. खदिजाचा नवरा म्हणतो, पत्रा चांगला आहे, तांब्याभांड्याच्या बाजारात कोणीही घेईल, झाकणं होतील. भावजी माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हटलं, न्या. इटलीत कोणी ठोकला, कोणी शर्यतीत पळवला, अस्मरा, एडन, आणि शेवट शारजाच्या बाजारात झाकणं. खलास. तू असतास तर मला मारायला धावला असतास.

काल कासमभाई परत आले. त्यांची बोट दुबईच्या खाडीबाहेर लागली आहे, उद्या निघेल. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पाणी दिलं. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आंबा कमी आलाय, धक्का वाहून गेलाय. मी म्हटलं, कासमभाई, अम्मा कशी आहे ते सांगा.

ते म्हणाले, हलिमा, म्हातारी रडली नाही. तार आल्यापासून जेवण सोडलंय, पेज तेवढी घेते. मी गेलो, सगळं सांगितलं, गाडी उलटली म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझा हात धरला आणि एकच विचारलं. म्हणाली, कासम, माझ्या पोराची गाडी रिकामी होती का? मला काय ठाऊक? मी म्हटलं, विचारून येतो. ती म्हणाली, हलिमाला विचार, ती खोटं सांगणार नाही.

मी आत आले. भांड्यांच्या फळीला धरून उभी राहिले. मला वाटलं, हे आता सांगावं. अम्माला कळवावं की बाई, रिकामी असती तर तुझा मुलगा आज जेवायला घरी आला असता. भाराने मारलं त्याला. तू आयुष्यभर जे सांगत आलीस त्याने मारलं. हे खरं आहे, आणि एवढं खरं पोटात ठेवून मला जगायचं आहे. आणि तिकडे म्हातारी अंगणात बसलेली मला दिसत होती. तिला वाटत असणार, नवरा ज्याने गेला त्यानेच पोरगाही गेला, मी सांगूनही ऐकलं नाही त्याने.

बाहेर कासमभाईंनी टोपी डोक्यावर घातली. त्यांना उशीर होत होता.

तुझ्याशी मी कधी हार मानली नव्हती, याकूब. लहानपणी गोट्यांतसुद्धा नाही. दारात आले, चौकट धरली, आणि म्हटलं, कासमभाई, अम्माला सांगा, भरलेली होती. त्याने स्वतःच्या हाताने भरली होती.

ते म्हणाले, अल्हम्दुलिल्लाह, आता म्हातारी दोन घास खाईल.